मिरवणुकीच्या कडेचं गाव

खान्देशातल्या गावांचे साधारण १९४५ ते १९७० या काळातले रस्त्यावरचे फोटो शोधायला निघालं, की एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. निव्वळ रस्त्याचा म्हणून काढलेला फोटो जवळजवळ सापडत नाही. सापडतात ते मिरवणुकीचे, दुकानाच्या उद्‌घाटनाचे, पुढाऱ्याच्या स्वागताचे, वरातीचे, कुणा मोठ्या माणसाच्या अंत्ययात्रेचे. स्टुडिओवाल्याला बोलावणं यायचं, तो कॅमेरा घेऊन जायचा, ज्याचे पैसे मिळणार त्याचा फोटो काढायचा आणि परत यायचा. रोलमध्ये फोटो बाराच. त्यातला एक रिकाम्या पेठेवर घालवणं कुणाला परवडणार? जळगावची नवी पेठ, धुळ्याचा आग्रा रोड, अमळनेरला प्रताप मिलकडे जाणारा रस्ता, भुसावळ स्टेशनबाहेरचं आवार, हे सगळं आपल्यापर्यंत आलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी फोटोत, चौकटीच्या कडेकडेनं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की गावाची खरी नोंद या कडेला आहे आणि कापली जाते ती नेमकी कडाच. आधी प्रिंट काढताना कापली गेली, मग स्मरणिकेत छापताना, आणि आता मोबाइलवर फिरवताना.

शिकागोत व्हिव्हियन मायर नावाची बाई लोकांची मुलं सांभाळायची नोकरी करायची आणि गळ्यात रोलिफ्लेक्स कॅमेरा अडकवून रस्त्यांवर फिरायची. २००७ मध्ये थकलेल्या भाड्यापोटी तिचं सामान लिलावात गेलं, तेव्हा कुठे तिच्या कामाचा पत्ता लागला. एक लाखाहून जास्त निगेटिव्ह, आणि शेकडो रोल तर डेव्हलपही न केलेले. तिच्या फोटोंत रस्ता मधोमध आहे, कारण ती घराबाहेर पडायची तीच रस्त्यासाठी. आपल्याकडचं चित्र नेमकं उलटं. खान्देशातल्या फोटोग्राफीतलं सगळ्यांत मोठं नाव म्हणजे चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९). टेबलावर छोट्या वस्तू मांडायच्या, दिवा फिरवत राहायचा आणि त्यातून अख्खा देखावा उभा करायचा, या टेबलटॉप प्रकारात त्यांनी देशोदेशी नाव कमावलं. आणि आयुष्याची कित्येक दशकं त्यांनी घराचा उंबरा जवळपास ओलांडला नाही. म्हणजे ज्याची नजर सगळ्यांत तयार, तो माणूस घरात. आणि रस्त्यावर उभा होता तो पोटासाठी फोटो काढणारा स्टुडिओवाला. मूस यांचं काम चाळीसगावात जपून ठेवलेलं आहे. स्टुडिओवाल्यांच्या निगेटिव्हच्या पेट्या मात्र माळ्यावर पत्र्याखाली तापताहेत. त्यांची चिंता वाटते ती यामुळे, की मूस यांच्या फोटोत मूस आहेत, पण या पेट्यांत गाव आहे.

जळगावच्या रथोत्सवाची एखादी सहा बाय सहा सेंटिमीटरची निगेटिव्ह घेऊ. कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातून श्रीरामाचा रथ निघतो. छापलेल्या फोटोत मधोमध रथ, वर गर्दीचा माथा आणि चाकाशी वाकलेला मोगरीवाला दिसतो. चाकाखाली लाकडी मोगरी सारून रथाची दिशा आणि वेग सांभाळायचा, हे त्याचं काम. मोगरी लावताना तो क्षणभर स्थिर होतो, म्हणून बहुतेक फोटोंत तो स्पष्ट येतो. आता तीच निगेटिव्ह खालून उजेड देणाऱ्या लाइटपॅडवर ठेवून, दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगानं (लूपनं) तिच्या दोन्ही कडांना बघायचं. ओट्यांवर दाटीवाटीनं उभ्या बाया, खांबाला पाठ टेकून उभा हमाल, एक पाय जमिनीवर ठेवून सायकलवर बसलेला पोरगा, अर्धी फळी लावलेलं दुकान, त्याच्या पाटीवरची नावाची निम्मी अक्षरं, विजेच्या खांबावरचा पत्र्याच्या टोपीचा दिवा. फोटोग्राफरला यातलं काहीही नको होतं. त्यानं ते टिपलं, कारण चौरस चौकटीतून ते वगळणं त्याला शक्य नव्हतं.

प्रिंट काढताना मात्र वगळता आलं. गिऱ्हाइकाला हवा असायचा पोस्टकार्ड साइजचा फोटो, म्हणजे साडेतीन बाय साडेपाच इंच. चौरस निगेटिव्हची पूर्ण उंची धरून तो काढला, तर रुंदीतला ३६ टक्के भाग एनलार्जरच्या, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणाऱ्या यंत्राच्या, फ्रेमबाहेर जातो. हाफ साइजला, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचाला, २७ टक्के. शिवाय स्टुडिओवाला रथ मोठा दिसावा म्हणून आणखी आत यायचा. घरोघरच्या अल्बममध्ये आहे तो हा उरलेला भाग. म्हणून कुणाच्या घरी जुना फोटो दिसला, की त्याचं कौतुक करून झाल्यावर पुढचा प्रश्न एकच विचारायचा: कुठल्या स्टुडिओचा? मागच्या बाजूला शिक्का असतोच. त्या स्टुडिओच्या वारसांकडे निगेटिव्ह शिल्लक असेल, तर खरी वस्तू ती.

पाटीवरची अक्षरं वाचता येणं हा साध्या हिशेबाचा भाग आहे. रोलीकॉर्डसारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्याला ७५ मिलिमीटरचं भिंग असतं. वीस मीटरवरच्या पाटीवर १५ सेंटिमीटर उंचीचं अक्षर असेल, तर निगेटिव्हवर ते ०.५६ मिलिमीटर येतं. ही निगेटिव्ह २४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २४०० ठिपके धरून, स्कॅन केली, की अक्षराच्या वाट्याला पन्नासेक पिक्सेल येतात आणि मालकाचं आडनावसुद्धा वाचता येतं. तीच पाटी साठ मीटरवर असेल, तर अठरा पिक्सेल. डोळे ताणून, दोघांनी मिळून वाचण्याइतकी. आणि तोच स्कॅन व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखा पाठवला, तर साधारण १६०० पिक्सेलच्या चित्रात साठ मीटरवरचं अक्षर पाच पिक्सेलचं होतं. ठिपका. म्हणून मूळ फाइल पाठवायची ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर पेन ड्राइव्हवर. आपल्या गावाच्या नावानं चाललेल्या कितीतरी ग्रुपवर जुने फोटो इकडून तिकडे फिरताहेत, आणि प्रत्येक फेरीत पाट्या पुसट होताहेत. हळहळ वाटते ती याची.

कॅमेरा कुठे धरला होता हेही निगेटिव्ह सांगते. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात वरून काचेत वाकून बघायचं असतं, त्यामुळे तो छातीच्या खाली, पोटापाशी धरला जातो. सपाट रस्त्यावर क्षितिजाची रेघ जवळच्या आणि लांबच्या सगळ्या उभ्या माणसांना सारख्याच उंचीवर कापते, आणि ती उंची कॅमेऱ्याची असते. रेघ कमरेच्या जरा वरून जात असेल, तर फोटोग्राफर रस्त्यावर उभा होता. सगळ्यांच्या डोक्यांवरून जात असेल, तर तो ओट्यावर, बैलगाडीवर किंवा माडीच्या सज्जात होता. तो सज्जा कुणाचा, हे कळलं की समोरची रांग ओळखायला निम्मी मदत होते. धुळ्यात तर हे फार सोपं जातं. कॅप्टन ब्रिग्जनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखलेल्या पेठेत सरळ, क्रमांकानं ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आहेत. एका फोटोची जागा नक्की झाली, की शेजारच्या गल्लीच्या तोंडाशी काढलेला दुसरा फोटो आपोआप जागेवर बसतो.

काय टिपलं गेलं नाही, हेही समजून घ्यायला हवं. साध्या बॉक्स कॅमेऱ्याचा शटर साधारण एक चाळिसांश सेकंदाच्या आसपास चालायचा. चालणारा माणूस तेवढ्या वेळात साडेतीन सेंटिमीटर पुढे सरकतो. तो सहा मीटरवरून कॅमेऱ्यासमोर आडवा चालला असेल, तर सहा बाय नऊच्या निगेटिव्हवर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरफट होते, चेहरा गेलाच. सायकलस्वार तर नुसता धूसर पट्टा. कॅमेऱ्याच्या दिशेनं येणारा मात्र बराच शाबूत राहतो. त्यामुळे या फोटोंतली गावं आहेत त्यापेक्षा निवांत, थांबलेली दिसतात. गल्ल्यावर बसलेला दुकानदार दिसतो, पण त्याच्या दुकानात माल आणून टाकणारा पळता पोऱ्या दिसत नाही. दुपारच्या भोंग्याला मिलमधून बाहेर पडणारी माणसं म्हणजे एक सरकता ढग. कोण स्थिर उभं राहू शकत होतं आणि कोणाला थांबायची सवडच नव्हती, याचीही ही नोंद आहे. पण ती अशी उलटी वाचावी लागते. जुने फोटो बघून ‘तेव्हा किती शांत होतं’ असं कुणी म्हटलं, की त्याला शटरचा वेग सांगावा.

रंगांचंही तसंच. जुन्या काचेच्या प्लेटा आणि स्वस्तातले रोल बहुतेक ऑर्थो असायचे. ऑर्थो इमल्शनला, म्हणजे त्यावरच्या प्रकाश टिपणाऱ्या थराला, लाल रंग दिसत नाही. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली चित्र उमटताना बघता यायचं, म्हणून लहान गावातल्या स्टुडिओंना ते सोयीचं पडायचं. त्यात लाल पागोटं काळंकुट्ट येतं, कुंकू ठसठशीत काळं येतं, भगवा झेंडा गडद होतो आणि आकाश कोरं पांढरं. सगळे रंग टिपणाऱ्या पॅन्क्रो फिल्मवर तेच पागोटं मध्यम करडं. एका फोटोत सगळ्यांची पागोटी काळी आणि दुसऱ्यात करडी दिसली, तर लोकांनी पागोटी बदलली असं समजू नये. आधी फिल्म कुठली ते पाहावं. जुन्या फोटोंना संगणकावर रंग भरणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते. मला तर ते रंग भरणंच पटत नाही. जे फिल्मनं टिपलंच नाही, ते आपण सांगू लागतो.

आपल्याकडच्या निगेटिव्हवर आपल्या हवेची खूण असते. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, २० अंश सेल्सिअसला वापरायचा, अशी सूत्रं ठरलेली. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि हौदातलं पाणी रात्रीही गारठत नाही. गरम डेव्हलपरमध्ये इमल्शनमधलं जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, बोट लागलं तरी निघून येतं. उपाय म्हणजे काम रात्री करायचं, थाळी बर्फ टाकलेल्या मोठ्या थाळीत ठेवायची, डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालून फुगणं आवरायचं, नाहीतर मधे क्रोम ॲलमच्या पाण्यात फिल्म कडक करून घ्यायची. बिघडायचं ते पुढच्या पायरीला. डेव्हलपर बर्फानं गार आणि धुवायचं पाणी हौदातलं, कोमट. हा झटका बसला की जिलेटिन आक्रसतं आणि निगेटिव्हवर बारीक जाळी पडते. सगळी पाणी दोन-तीन अंशांच्या आत सारखी ठेवली, तरच ही जाळी टळते. स्कॅनमध्ये लोकांच्या चेहऱ्यांवर अशी जाळी दिसली, तर ती निगेटिव्ह बहुधा उन्हाळ्यात धुतलेली आहे. तारीख ठरवताना हा पुरावा चांगला उपयोगी पडतो.

पाण्याचं दुखणं याहून मोठं. चित्र पक्कं करण्याच्या फिक्सिंगनंतर कागदाच्या तंतूंत हायपो, म्हणजे फिक्सिंगचं रसायन, मुरतो. साध्या फायबर कागदावरचा फोटो त्यासाठी वाहत्या पाण्यात तासभर धुवायला हवा. एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी नाही आणि लग्नसराई ऐन भरात; वर्षातलं सगळ्यांत जास्त काम आणि सगळ्यांत कमी पाणी एकाच वेळी. मग घंगाळातल्या पाण्यात दोनदा बुचकळून फोटो वाळत पडायचे. आत राहिलेला हायपो पुढे कित्येक वर्षं चित्र ज्या चांदीचं बनतं तिच्यावर काम करत राहतो आणि चित्र पिवळट तपकिरी होऊन कडांकडून विरत जातं. आज वरातीचे फोटो इतके उडालेले दिसतात, त्यामागे हे कारण आहे. त्यातल्या त्यात फिल्मचा पाया पाणी शोषत नाही, म्हणून निगेटिव्ह लवकर धुतली जाते. फोटो गेला तरी निगेटिव्ह धडधाकट असू शकते, ती यामुळे.

तारीख ठरवायची म्हणजे दोन प्रकारचे पुरावे वेगळे ठेवायचे: ‘याच्या आधीचा नाही’ आणि ‘याच्या नंतरचा नाही’. पहिले भरपूर असतात, दुसरे फार थोडे. पाटीवर पिनकोड असेल, ४२५००१ किंवा ४२४००१, तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा नाही. ‘नये पैसे’ दिसले तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचा नाही. १ जून १९६४ पासून ‘नये’ गळालं, पण जुनी पाटी कुणी लगेच खरवडत नाही, तेव्हा त्यावरून शेवटची तारीख लावू नये. ‘पूर्व खानदेश’, ‘पश्चिम खानदेश’ अशी जिल्ह्यांची नावं महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारापर्यंत सरकारी पाट्यांवर होती, दुकानांच्या पाट्यांवर त्यानंतरही रेंगाळली. ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असेल, तर तो टाटा-मर्सिडीज १९५४ ते १९६९ मधला. पण ट्रक पुढे वीस वर्षं धावतो. मालगाडीच्या डब्यावर जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) अक्षरं असली, तरी तेच लक्षात ठेवायचं. ती कंपनी ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत गेली, डब्यांचा रंग मात्र सावकाश बदलला. सिनेमाच्या पोस्टरवरून लोक छातीठोकपणे साल सांगतात, ते तर फारच धोक्याचं. ‘मुगल-ए-आझम’ १९६० चा, पण आपल्या गावातल्या टॉकीजला तोच सिनेमा मॅटिनीला पुन्हा पुन्हा लागायचा.

भरवशाचा पुरावा म्हणजे भिंतीवरचा निवडणुकीचा प्रचार, कारण तो दर खेपेला नव्यानं रंगवला जातो आणि नंतर चुन्याखाली जातो. काँग्रेसची बैलजोडी दिसली तर १९५१-५२ ते १९६७ च्या निवडणुकांमधली. १९६९ च्या फुटीनंतर ते चिन्ह गेलं. गाय-वासरू असेल तर १९७१ आणि पुढचा काळ. चुना ताजा आहे की पावसानं ओघळलाय, हेही बघावं. त्यावरून निवडणुकीनंतर किती महिने लोटलेत, याचा अंदाज बांधता येतो.

महिना-ऋतू ठरवायला आपल्या मुलखाचं वर्षच कामाला येतं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी आणि झाडांना टांगलेले झोके दिसले तर वैशाख. नागपंचमीनंतरच्या कानबाई या खान्देशी देवीच्या विसर्जनाला बाया डोक्यावर कानबाई घेऊन वाजतगाजत नदीकडे जातात, तो श्रावण. कपाशीनं शिगोशीग भरलेल्या गाड्यांची रांग जिनिंगच्या फाटकाशी असेल, तर दिवाळीनंतरचे महिने. अमळनेरला बोरी नदीच्या वाळवंटात दुकानांच्या पालांची गर्दी दिसली, तर सखाराम महाराजांची वैशाखातली यात्रा.

आणि सावली. ही माझी सगळ्यांत आवडती कसोटी, कारण तिला पाटी लागत नाही, पोस्टर लागत नाही. जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. इथे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि गाव ७५.५ च्या जवळ. त्या वेळी २२ डिसेंबरला माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीइतकी पडते. मार्चच्या विषुवदिनी उंचीच्या चार दशांशांहून थोडी कमी. मेच्या शेवटच्या आठवड्यात ती पायाखाली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीची सावली किंचित दक्षिणेला जाते, मग पुन्हा उत्तरेला. रस्ता कोणत्या दिशेनं जातो हे नकाशावर पाहिलं, विजेच्या खांबाची सावली त्याच्याशी किती कोनात आहे ते मोजलं, की महिन्याचा आणि वेळेचा अंदाज बांधता येतो. एकाच लांबीची सावली वर्षातून दोनदा येते, म्हणून उत्तरं दोन निघतात. कपाशीच्या गाड्या किंवा अंगावरची घोंगडी बघून त्यातलं एक खोडायचं.

आता पेटी उघडण्याबद्दल. पेटी उघडायला जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. हवा कोरडी असते आणि उकाडा नसतो. झाकण काढल्यावर शिरक्याचा आंबट वास आला, तर ॲसिटेटची फिल्म सडायला लागली आहे. तिच्यातून सुटणारं आम्ल शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागतं, म्हणून वास येणाऱ्या निगेटिव्ह लगेच वेगळ्या करायच्या आणि स्कॅनिंगला त्यांचा नंबर पहिला लावायचा. उष्णतेनं हा रोग भराभर वाढतो. पत्र्याखालचा माळा ही त्यासाठी सगळ्यांत वाईट जागा. धाब्याच्या घरातली आतली खोली त्यामानानं कितीतरी बरी. १९५० च्या आधीचे रोल नायट्रेटचे, म्हणजे झटकन पेट घेणारे, असू शकतात. फिल्मच्या किनारीवर ‘सेफ्टी’ अक्षरं नसतील आणि फिल्म पिवळी, चिकट झाली असेल, तर ती घट्ट डब्यात कोंडू नये, दिवा-उदबत्तीपासून लांब ठेवावी. पेटवून बघण्याचा प्रयोग तर घरात मुळीच करू नये.

निगेटिव्ह बहुधा वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असतात. तो कागद आम्लाचा, तेव्हा काढायलाच हवा. पण फेकण्याआधी त्याच्यावरची तारीख दिसेल असा मोबाइलनं फोटो काढून ठेवावा. रोल धुतल्याच्या आठवड्यात तो अंक घरात होता, असं बऱ्याचदा निघतं. रबरबँड, टाचण्या, पीव्हीसी प्लॅस्टिकची पाकिटं काढून टाकायची. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं किंवा आम्लमुक्त कागद वापरायचा. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याला हातही लावू नये. बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि एका पुसण्यासरशी अख्खा चेहरा निघून जातो. कोरडा मऊ ब्रश आणि रबरी फुंकणी, एवढंच. काचेची प्लेट दोन्ही हातांनी कडांना धरायची, लांब बाजूवर उभी ठेवायची, एकीवर एक कधीच नाही. खालच्या प्लेटा वजनानं तडकतात. फुटलेली प्लेट फेकू नये. तुकडे स्वच्छ काचेवर जुळवून एकदम स्कॅन केले, तर तड्यापलीकडचं सगळं मिळतं.

स्कॅन करताना सहा बाय सहाला २४०० डीपीआय, सोळा बिट, करडी टिफ. फाइल साधारण ५६ एमबीची होते. हाफ साइजच्या काचेला १२०० पुरे. निगेटिव्हची मंद, कमी चकाकणारी बाजू इमल्शनची. चित्र उलटं आलं की पाट्यांवरची अक्षरं सांगतातच; पाटी नसेल तर पुरुषांच्या शर्टाची बटणं पाहावीत, ती अंगावरच्या उजव्या पट्टीवर असतात. किनारीसकट पूर्ण फिल्म स्कॅन करावी. तिथे फिल्मचं नाव आणि फ्रेमचा नंबर असतो, आणि नंबर लागले की फोटोग्राफर त्या दिवशी कुठून कुठे चालत गेला, हे समजतं.

नावं मात्र यंत्र सांगत नाही. त्यासाठी बारा बाय अठरा इंचाचा प्रिंट घेऊन पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाच्या ओट्यावर बसायचं. मधला रथ किंवा पुढारी कोण, हे विचारण्यात वेळ घालवू नये, ते सगळ्यांना माहीत असतं. कडेवर बोट ठेवून विचारायचं, “आबा, आठे काय व्हतं?” (इथे काय होतं?) ‘इथे अमक्याचं दुकान होतं ना?’ असं सुचवून विचारलं, तर वडीलधारी माणसं आपलं मन राखायला ‘हां, व्हतं’ म्हणून मोकळी होतात. दोन वेगवेगळ्या घरांतून तेच नाव आलं, तर पक्कं धरायचं. एकाच घरातून आलं, तर पेन्सिलनं लिहायचं. बायांना वेगळं विचारावं. त्यांना पाण्याचा नळ कुठे होता, पिठाची गिरणी कुठे होती, कोणत्या ओट्यावर बसायला मनाई होती, हे आठवतं, आणि पुरुषांनी सांगितलेल्या दुकानांच्या मधल्या रिकाम्या जागा त्यातून भरतात. बोलणं अहिराणीत असेल तर तसंच रेकॉर्ड करावं, आणि फाइलला निगेटिव्हचाच नंबर द्यावा.

स्टुडिओच्या घरच्यांकडून परवानगी लेखी घ्यावी, आणि निगेटिव्ह त्यांच्याकडेच ठेवाव्यात, पण माळ्यावरून खाली आणून. स्कॅनच्या तीन प्रती करायच्या: एक त्यांना, एक गावच्या वाचनालयाला, एक दुसऱ्या गावातल्या कुणाकडे. दरवर्षी जानेवारीत तिन्ही डिस्क लावून फाइली उघडताहेत का, ते पाहायचं.